टीप : लग्न वेळेवर लागेल

माझ्याविषयी कुणी ‘बाई काटेकोर आहे’ असं म्हणालं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते. शब्द एकच, पण माणसं तो दोन तोंडांनी वापरतात. शब्दकोशात अर्थ सरळ आहे: जराही चूक न करता, नेमकेपणानं, काळजीनं केलेलं. आमच्या नात्यागोत्यात अर्थ वेगळा. जिला चारचौघांत वागता येत नाही, जी कशालाही ‘चालतंय’ म्हणत नाही, जी लग्नात घड्याळ बघते, ती काटेकोर. नोटिशीत मात्र तोच शब्द सगळ्यांना शोभून दिसतो. पाण्याच्या टाकीवर, दवाखान्याच्या जिन्यात, शाळेच्या फाटकावर ‘नियमांचे काटेकोर पालन करावे’ असं रंगवलेलं असतं आणि त्याच भिंतीवर माणसं गुटख्याच्या पिचकाऱ्या मारून पुढं जातात. भिंतीवरचा काटेकोरपणा कुणाला टोचत नाही. माणसात दिसला की टोचतो.

मी शेंद्र्याला एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसते. गाडीचे बारीक सुटे भाग माझ्यापुढून जातात. केसभर जाड झाला, केसभर बारीक झाला की तुकडा लाल पेटीत. उत्पादनवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. “ताई, एवढ्यानं काय गाडी पलटी होतीय का?” असं ते रोज विचारतात, आणि होते की नाही ते बघायला त्यातलं कुणी त्या गाडीत बसणार नसतं.

एका वर्षी कंपनीनं घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा करमाडहून माझी आई आली. तिचं बालपण मेंढरांमागं गेलेलं, लग्नानंतरचं आयुष्य शेतात. यंत्रांच्या आवाजात ती पदर घट्ट धरून माझ्या टेबलाजवळ उभी राहिली. आमचे साहेब तिला म्हणाले, “आजी, तुमची मुलगी फार काटेकोर आहे.” आई हसली, पण कळलं नसल्यासारखं हसली. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिनं हळूच विचारलं, “ते सायेब म्हनले ना काटेकोर, ते चांगलं असतंय का वाईट?”

“चांगलं,” मी म्हणाले.

“मंग ठीक.”

त्या दिवशी तो शब्द तिनं घरी नेला, नवं भांडं नेल्यासारखा. दही विरजताना काटेकोर, शिलाईवाल्याला पोलक्याचं माप देताना काटेकोर. शेजारणीला सांगायची, “माही थोरली लई काटेकोर हाय,” आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची. आमच्या घरात तो शब्द कौतुकानं वापरणारं माणूस ते एवढंच. वडील, चुलते, आत्या, सगळे मला बघून म्हणायचे, “आल्या काटेकोरबाई, नीट बसा रे.” मीही हसत असे. चेष्टा होती, चेष्टेला चेष्टेनं घ्यावं असं मला वाटायचं.

मग आईला साखरेचा आजार निघाला. गोळ्यांनी भागेना, सुई लागली. शहरातल्या डॉक्टरांनी तिला समजावलं की सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाही गेलं तर साखर एकदम खाली येते आणि माणूस बसल्या जागी पडतं. “वेळा काटेकोर पाळायच्या, आजी.” आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, बघ, डॉक्टर बी तेच म्हनला. तिनं वेळा अशा पाळल्या की गावात लोक तिच्यावरून घड्याळ लावतील अशी थट्टा सुरू झाली. कुणाच्या दारात बोलत बसली असली तरी वेळ झाली की उठायची. बायका म्हणायच्या, बस गं जरा, भाकर काय पळून चालली काय. ती म्हणायची, “भाकर नाय पळत, सुई पळती.” आणि उठायची.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा देवगाव रंगारीचा, स्वभावानं गरीब. त्याचे चुलते मात्र राजकारणात हातपाय मारणारे. घरात सगळ्यांच्या वतीनं तेच बोलायचे, मुलाच्या वतीनंसुद्धा. पत्रिका छापून आली. खाली मुहूर्त होता, दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटं. त्याच्याही खाली, चौकटीत, ठळक अक्षरात: ‘टीप : लग्न वेळेवर लागेल.’ प्रत्येक पत्रिकेवर ही टीप असते. ती वाचून आजवर कुणी लवकर निघालेलं मी पाहिलेलं नाही. लग्न दोनला लागणार हे छापणाऱ्याला माहीत असतं, छापून घेणाऱ्याला माहीत असतं, वाटणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. मग एकतीस मिनिटं कशाला छापता? बारा लिहा, दुपारी लिहा, लागेल तेव्हा या असं लिहा. पण नाही, पंचांग उघडून एकेक मिनिट शोधायचं, भटजींना दक्षिणा द्यायची आणि मग ते मिनिट डीजेखाली तुडवायचं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

आईनं ती पत्रिका माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. टीपसुद्धा.

तिच्या मनात काय हिशेब चालला होता ते तेव्हा मला कळलं नाही. आमच्याकडे लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्याशिवाय आईबापानं अन्नाला शिवायचं नसतं. आणखी एक रीत अशी की मंगलाष्टका चालू असताना नवरीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही. तिनं मागं जाऊन तुळशीला पाणी घालायचं. लेकीचं लग्न लागताना आईनं बघू नये म्हणतात. कामून बघू नये, ते कुणी सांगत नाही. आईला उपासही पाळायचा होता आणि सुईची वेळही. दोन्हींत खोट येऊ द्यायची नव्हती.

लग्न जालना रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. लग्नाची तीथ दाट होती, त्या रस्त्यावर प्रत्येक कार्यालयापुढं कमान आणि प्रत्येक कमानीखाली गाड्या. नवरदेव मारुतीला गेला आणि तिकडंच अडकला. मित्रांना नाचायचं होतं. मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा वरात फाटकाच्या बाहेर होती आणि डीजेचा दणका माझ्या बरगड्यांत बसत होता. मी पाहुण्यांना बसवता बसवता आई कुठं आहे बघायला मागं गेले.

कार्यालयाच्या मागच्या बाजूला, हात धुवायच्या नळांपलीकडं तुळशीचं वृंदावन होतं. आई तिथं ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, कपाळाला मळवट, मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या. मला बघून म्हणाली, “सुरू व्हायलंय का?”

“वरात बाहेरच आहे अजून. तू सुई घेतली नाहीस ना?”

“घेतली की. टायमाला धरून घेतली. साडेबाराला अक्षता, त्याच्या मागून लगेच जेवण. बराबर बसतंय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तिच्यावर नाही. तिनं सगळं बरोबर केलं होतं. डॉक्टरांची वेळ पत्रिकेतल्या वेळेला जुळवली होती. छापलेल्यावर विश्वास ठेवला, एवढंच. मी मुदपाकातून पेढा आणला, तिच्या तोंडाशी धरला. तिनं तोंड फिरवलं.

“माहा उपास हाय. लेकीचं लगीन लागू दे.”

“आई, तुला चक्कर येईल.”

“येत नाय. तू जा, त्यांना म्हन की आटपा.”

पेढा तिच्या शेजारी द्रोणात ठेवला, एका मावशीला तिच्यापाशी बसवलं आणि मी पळत पुढं आले. वरात तोवर आत आली होती. नवरदेव स्टेजवर होता, बहीण मुंडावळ्या बांधून उभी होती, भटजी अंतरपाट हातात घेऊन घड्याळ बघत होते. मला वाटलं, झालं, आता लागलं. तेवढ्यात मुलाच्या चुलत्यांनी माईक हातात घेतला.

“मंडळी, साहेब पैठणच्या लग्नातून निघालेत. बिडकीन ओलांडलंय. पाच-दहा मिनिटांत पोचायलेत. तवर आपण मान्यवरांचे सत्कार घेऊ.”

साहेब म्हणजे त्यांचे पुढारी. आणि सत्कार सुरू झाले. ज्यांनी आमच्याकडे कधी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते: अक्षता हातात घेऊन सगळा मांडव उभा असतो आणि स्टेजवरून नावं पुकारली जातात. अमक्या गावचे माजी सरपंच, तमक्या सोसायटीचे संचालक, कुणाचे मेहुणे, कुणाचे व्याही. एकेकाला टॉवेल-टोपी, फेटा, फोटो. ज्याचं नाव राहतं तो रुसतो, म्हणून कुणाचंच राहू द्यायचं नसतं. माणसाचा मान राखण्यात ही मंडळी किती काटेकोर असतात ते तिथं बघावं. कोणाच्या आधी कोण, कोणाला फेटा आणि कोणाला नुसती टोपी, एका नावाची चूक होत नाही.

मी स्टेजच्या कडेनं वर गेले. चुलत्यांना हळू आवाजात सांगितलं की आईनं सुई घेतलीय, उपाशी आहे, लग्न लागल्याशिवाय जेवणार नाही, आता सुरू करा, साहेब आल्यावर आशीर्वाद देतील.

त्यांनी माईकवर हात ठेवला. “ताई, साहेबांना मीच बोलावलंय. ते यायच्या आधी लगीन लावलं तर माझं तोंड कुठं ऱ्हाईल?”

“आणि माझ्या आईचं काय?”

“तुमी लई काटेकोर बोलता बघा. लगीन हाय हे, तुमची कंपनी नाय.”

शेजारचे दोघं हसले. वडील खाली उभे होते, मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “जरा दमानं घे. मुलाकडचे हायेत.” मुलाकडचे हायेत. या दोन शब्दांनी आमच्याकडे काय काय झाकलं जातं ते मी इथं सांगत बसत नाही. मी भटजींकडे बघितलं. भटजी म्हणाले, “मुहूर्त तर केव्हाच गेला,” आणि अंतरपाटाची घडी घालू लागले.

साहेब आले. पाच गाड्या घेऊन आले आणि त्या गाड्या फाटकातच लागल्या. मग त्यांचा सत्कार. मग ते बोलले. बहिणीचं नाव त्यांनी चुकीचं घेतलं, नवऱ्याच्या चुलत्यांचं बरोबर घेतलं. मला त्या भाषणातलं वाक्य आठवत नाही, पण हसू फुटलेले चेहरे आठवतात, हातात अक्षता घेऊन, घामानं त्या अक्षता मुठीत चिकटलेल्या. मी पुन्हा मागं जायला निघाले तेव्हा मला ती मावशी पुढंच दिसली. ती साहेबांना बघायला आली होती.

मी मागच्या दारात पोचले आणि स्पीकरवर मंगलाष्टका सुरू झाल्या. आई ओट्याखाली आडवी पडली होती. तांब्या कलंडला होता, पाणी तुळशीपर्यंत न जाता फरशीवरून नळाकडं वाहत गेलं होतं. पेढा द्रोणात तसाच. अंग थंडगार, घामानं लुगडं भिजलेलं, दातखीळ बसलेली. मी पेढा चुरून बोटानं तिच्या हिरड्यांना चोळत राहिले आणि ओरडत राहिले. डोक्यावरच्या भोंग्यातून प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ येत होतं. शेकडो माणसं त्या शब्दावर अक्षता फेकत होती आणि एकानं मागं वळून बघितलं नाही.

शेवटी आचाऱ्याच्या बायका आल्या, मग वडील, मग मुलाचे चुलते. मी म्हणाले, गाडी काढा. कुणीतरी म्हणालं, आधी माईकवरून सांगून लग्न थांबवू का. त्यावर चुलते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. “थांबवता येत नाय. मुहूर्त टळंल.”

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती खरंच जाते. पायाच्या पोटऱ्या गरम झालेल्या मला आठवतात. पण माझ्या हातात आईचं डोकं होतं, म्हणून तो माणूस वाचला.

बाहेर एक रिक्षावाला मिळाला. आईला आडवं टाकलं, आणि रिक्षा फाटकापाशी अडकली. साहेबांच्या गाड्या. ड्रायव्हर जेवायला गेलेले. “ताई, कैसे निकालूं, सामने पूरी लाइन लगेली है,” तो बिचारा सारखा म्हणत होता. शेवटी खाली उतरून त्यानं आणि वडिलांनी कमानीचा एक बांबू उपटला आणि रिक्षा तिथून काढली. कमान वाकली. त्या वाकलेल्या कमानीबद्दल मला नंतर तीन जणांनी सुनावलं.

दवाखान्यात सलाईनमधून साखर गेली. संध्याकाळी आईनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. तिनं पहिलं विचारलं, “लागलं का?”

“लागलं.”

“पानी घालायचं ऱ्हायलं माहं.”

मला रडू आलं नाही. मला एवढा राग होता की रडायला जागाच नव्हती. रात्री नवरी आली, शालू तसाच, पाठवणी उरकून सासरी जाण्याआधी. ती आईच्या पायाशी बसून रडली आणि तिचा नवरा दारात मान खाली घालून उभा राहिला. त्या घरचं माफी मागायला आलेलं माणूस ते एकच, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणारे सुरू झाले. प्रत्येकाच्या हातात नारळपाणी आणि तोंडात एकच वाक्य. आत्या म्हणाली, “असं कुटं करत्यात व्हय? लगीन कवा टायमावर लागतंय?” मामा म्हणाले, “एवढं बी कळू नाय? पत्रिकेतला टाइम म्हंजी नुसता छापायचा असतोय.” मुलाचे चुलते आले नाहीत, पण निरोप आला की ताईंनी उगाच मांडवात गडबड केली, बाकी कार्य झकास झालं. कुणी म्हणालं नाही की वरात वेळेत यायला हवी होती. कुणी म्हणालं नाही की उपाशी बाई मागं बसलीय हे कळल्यावर माईक खाली ठेवायला हवा होता. साऱ्या मांडवात छापलेल्या वेळेवर विश्वास ठेवणारी बाई एक, आणि चूक कुणाची यावर सगळ्या भावकीचं एकमत: तिची. मी भांडले. आत्याला नको ते बोलले, मामांना दार दाखवलं. “चूक तिची नाही, तुमची सगळ्यांची आहे,” असं मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात इतक्या मोठ्यानं म्हणाले की नर्सनं येऊन मला बाहेर काढलं. आई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, झोपलीय.

झोपली नव्हती. ती ऐकत होती. आणि मी काय बोलले ते तिनं ऐकलं नाही, त्यांनी काय म्हटलं ते ऐकलं.

लग्नाचा व्हिडिओ आला. साहेबांचं भाषण पूर्ण आहे, सत्कार पूर्ण आहेत, फेट्याचं एकेक टोक दिसतं. आई कुठंच नाही. तिनं तो एकदाच बघितला.

आता ती बरीचशी माझ्याकडं, मुकुंदवाडीला असते. हात-पाय चालतात, डोकं चालतं, देवाची कृपा म्हणायची. पण काहीतरी गेलंय. दही कधीही विरजते, लागलं तर लागलं. पोलकं सैल झालं तरी तेच घालते. सुईच्या वेळेला मी कंपनीतून फोन करते, तर म्हणते, घेऊ की. संध्याकाळी विचारलं तर म्हणते, घेतली असंल. कधी सुई घेऊन जेवायचं विसरते, कधी जेवून सुई घ्यायची. भाकर नाय पळत, सुई पळती म्हणणारी बाई आता टीव्हीपुढं बसून म्हणते, “काय घाई हाय, कुटं पळून चालली ती.” गावाकडच्या बायका आल्या की त्या तिला म्हणतात, आता कशी माणसात आलीस. मला त्या बायकांना घराबाहेर काढावंसं वाटतं.

गेल्या रविवारी मी घरी होते. ताट वाढलं, सुई तयार केली, तिच्यापुढं जाऊन बसले. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, एवढ्या होऊ दे. मी म्हणाले, नाही, आत्ता. तिच्या हातातलं सूप काढून घेतलं, पोटावरचा पदर बाजूला केला आणि सुई दिली. मग ताट पुढं सरकवलं आणि पहिला घास मोडेपर्यंत तिथून हलले नाही.

तिनं घास मोडला, चावला, आणि शेंगांच्या सुपाकडं बघत म्हणाली, “लई काटेकोर हायस बाई तू.”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. आवाजावरूनच कळलं.